पाणमांजर माझं नाही

...नाही हो, पाणमांजर माझं नाही! किती जणांना सांगू? तुम्हाला सांगते, कार्टूनच्या सिनेमात काम करते म्हटलं की लोकांना वाटतं, ही पोरगी दिवसभर शेपट्या काढते. इथे लिक्सलिपला राहणारा आमचा मित्र वेदांत तर ओळखच करून देतो, "ही रेवा, मांजरवाली." अरे, मी लेआउट काढते! म्हणजे आमच्या सिनेमातलं ते पाणमांजर ज्या घरात शिरतं ते घर, तिथली खिडकी, खिडकीतला उजेड, कॅमेरा कुठून बघणार, सगळं माझं. मांजर नुसतं येतं, लोळतं आणि टाळ्या घेऊन जातं.

त्यात मी ट्रायलवर, त्यात जन्मजात घाबरट, किटलीचं बटण टक् झालं तरी दचकते. आणि एका सकाळी खुर्चीमागून आमचा आयरिश डिरेक्टर डोनल... "रेवा, हे बूट दाराबाहेर का?"

बघते तर काय, गॉलवेकडच्या म्हाताऱ्या कोळ्याचं घर, धो धो पाऊस, आणि उंबऱ्याबाहेर बुटांचा जोड! अहो, घर काढलं की हात आपोआप बाहेर चपला काढतो, आपल्याकडे दुसरं काय शिकवलंय? पण इथे बाहेर बूट ठेवले तर सकाळी त्यात मासे पाळता येतील. गेली नोकरी, गेला व्हिसा... मी खोडरबर उचलला.

"हात लावू नकोस," डोनल म्हणाला. "म्हातारा गेला, हे न बोलता कसं दाखवायचं, कधीपासून अडलो होतो. बूट भिजतायत आणि कुणी आत घेत नाही. बस. ग्रँड."

नोकरी पक्की! आणि त्या शॉटमध्ये पाणमांजर नाही बरं का, कुणीच नाही. नुसतं माझं दार, माझा पाऊस, माझे बूट.

पहिल्या शोला पुण्याहून आई आलेली. तो शॉट आला, थिएटर चिडीचूप, कुणीतरी नाक ओढतंय, आणि अंधारात आई माझा हात धरून मोठ्यांदा म्हणते, "अगं, बूट आत घ्या ना कुणीतरी..."

जिंकले मी. सांगते तुम्हाला, त्या क्षणी पाणमांजर माझं नाही याचं मला काही म्हणजे काही वाटलं नाही.

बाहेर आलो. डोळे पुसत आई म्हणाली, "रडवलंस गं बाई."

मी फुलले.

"काय गोड काढलंयस ते मांजर!"

"...हो आई. थँक यू."