सिंहासनामागचा पाय

मंडळी, आधी एक प्रश्न. राजा सिंहासनावर बसतो, प्रजेला सांभाळतो. पण राजाला कोण सांभाळतं? ... खांबाजवळचे आजोबा म्हणाले, देव. बरोबर आहे आजोबा, देवच! पण तो देव कधी कधी कात्री-वस्तरा घेऊन येतो, ते ऐका.

वाघजाईवाडी नावाचं गाव. गावाला नाटकाचं वेड. जत्रेला दरसाल एकच नाटक — 'कनकगडचा सिंह'. सातशे वर्षांपूर्वीचा राजा मकरंदसेन, त्याचा गड, त्याचा लढवय्या लेक. राजा कोण? दिनकरराव थोरात, दूध डेअरीचे चेअरमन. नाटक बसवायचे तेच आणि राजाही तेच! सहा फूट उंची, भरघोस मिशा, आवाज असा की पडद्यामागं शिंकले तरी पहिल्या रांगेतली तान्ही पोरं रडायची.

आणि भालदार, म्हणजे राजाची ललकारी देणारा? हरिबा काशीद, गावचे न्हावी. हातात रुपेरी काठी, तोंडी एकच वाक्य — 'कनकगडाधीश महाराज मकरंदसेन येत आहेत!' झालं. एकोणीस वर्षं, एक वाक्य. हसू नका! तुम्हाला लग्नात बायकोचं नाव घ्यायला सांगितलं तेव्हा घाम फुटला होता.

आता सिंहासन कुठून आणायचं? उंच पाठीची, नक्षीदार हातांची खुर्ची गावात एकच — हरिबांच्या दुकानातली. दाढीची! त्यांच्या आजोबांच्या वेळची, लोखंडी. तिच्यावर लाल मखमल टाकली, जरीची झालर लावली की झालं सिंहासन. पण तिला एक खोड होती. पाठ मागं पाडायचा खटका झिजलेला. कुणी जोरात रेललं की पाठ आडवी! दुकानात हरिबा खटक्यावर पाय देऊनच दाढी करायचे. आणि नाटकात? ललकारी द्यायची, सिंहासनामागं ताठ उभं राहायचं, आणि डावा पाय खटक्यावर. एकोणीस वर्षं कनकगडचं राज्य त्या एका पायाखाली! कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. आणि खरं सांगू? राजा गरजला की खुर्ची थरथरायची, ती थरथर हरिबांच्या टाचेत यायची. ते सुख त्यांचं एकट्याचं होतं.

औंदा ही नाटकमंडळी तालुक्याच्या स्पर्धेत उतरली. पहिली फेरी पार! पण एक परीक्षक जाता जाता म्हणाले, "तो मागचा भालदार कोण हो? काय ताठ उभा होता!" झालं, राजाच्या पोटात दुखलं. शेवटच्या फेरीच्या आदल्या दिवशी दिनकरराव म्हणाले,

"हरिबा, उद्या ललकारी दिली की सरळ आत जायचं."

"आन् सिंव्हासनामागं?"

"मागं कोण नको. लोकांचं ध्यान तिकडं जातंय."

"दिनकरराव, त्या खुर्चीला मी लागतो."

"खुर्चीला तुम्ही लागता, का तुम्हाला खुर्ची लागतीया?"

सगळे खदाखदा हसले. हरिबांच्या ओठावर खटक्याची गोष्ट आली होती, ती त्यांनी गिळली. इथं हरिबा चुकले. मी त्यांची बाजू घेणार नाही. अपमान झाला म्हणून खरं गिळायचं नसतं.

दुसरा दिवस. दुपारचा प्रयोग, नाट्यगृह भरलेलं. तिसऱ्या अंकात जासूद सांगत आला — "महाराज, युवराज दरवाज्यात पडले!" दिनकररावांनी उठून गरजायचं, म्हणून जोर घ्यायला ते मागं रेलले — आणि धाडकन! राजा उताणा, मोजड्या आभाळाला, मुकुट घरंगळत थेट विंगेत, हरिबांच्या पायाशी. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

काय वाटलं असेल हरिबांना? तुमच्या-माझ्यासारखंच वाटलं. मन म्हणालं, पडू दे! कळू दे खुर्चीला कोण लागतं ते! तेवढ्यात त्यांना दिनकररावांचे डोळे दिसले. गळ्याशी वस्तरा असताना गिऱ्हाईक वर बघतं ना, तसे डोळे. त्या नजरेला हरिबांनी जन्मात दगा दिला नव्हता.

मुकुट उचलला. धावले नाहीत, मंडळी. राजदरबारात चालावं तसे चालत गेले. डावा पाय खटक्यावर दिला, हात राजाच्या मानेखाली घातला. तो हात रोजचाच होता. आणि ज्यानं एकोणीस वर्षांत एकच वाक्य म्हटलं, तो बोलला —

"महाराज, लेक गेला. बापानं कोसळावं, त्याचा तो हक्क आहे. पण गडाला राजा लागतो. उठा."

पाठ सरळ झाली. मुकुट डोक्यावर बसला. दिनकररावांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खरं होतं. आणि मग ते असे गरजले — "उघडा दरवाजे! मकरंदसेन येतोय!" टाळ्यांनी छत दणाणलं, माझ्या राजांनो!

पहिला नंबर! वाघजाईवाडीला पहिलीच ढाल! परीक्षक म्हणाले, "भालदार राजाला उठवतो, तो प्रसंग कुणी लिहिला?" माईक दिनकररावांच्या हातात होता. 'मी' म्हणायला किती वेळ लागतो? एक अक्षर! पण ते म्हणाले,

"कुणी लिहिला न्हाई. खुर्ची पडली, मी पडलो, ह्या माणसानं उचललं. मघाशी ह्यांचा पाय कुठं हाय ते बघितलं, तवा कळलं. एकोणीस वर्सं ह्येच मला उचलून धरत्यात."

आणि ढाल हरिबांच्या हातात दिली. हरिबा काय म्हणाले? "खटक्याचं मी आधीच सांगाया पायजे हुतं." तेवढंच म्हणाले, आणि ढाल पोटाशी धरून रडले.

मंडळी, तुमच्या खुर्चीमागं कोण उभं आहे? सून आहे? धाकटा भाऊ आहे? पहाटे गोठा झाडणारा गडी आहे? मान वळवून बघितलंत कधी?

तुम्हाला कशाला विचारू? हे मृदंगावरचे भैरूआण्णा. अकरा वर्षं माझ्या मागं बसतात. माझा ताल चुकला की हे थाप वाढवून झाकतात, आणि तुम्ही म्हणता, बुवा काय गातात! मी आजवर त्यांचं नाव तुम्हाला सांगितलं नाही. चुकलो.

आण्णा, उठा. पुढं या. आज देवाचं नाव तुम्ही घ्यायचं. टाळ द्या इकडं, मी मागं उभा राहतो.