दोघांची एकच इयत्ता

निशिगंधा : चहा राहू दे, सगुणाताई. दर वेळी तुमचं नवं कारण: आधी भाताची लावणी होती, मग गणपती, आता कापणी. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! पेणहून इथवर येईस्तोवर माझं कंबरडं मोडतं. ऋत्विकला पेणला, आमच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत पाठवताय की नाही?

सगुणा : मॅडम, त्याला ऐकू येत नाय, बोलता येत नाय. हॉस्टेलात पोट दुखलं तर कुणाला सांगंल? इथं त्याची बहीण हाय. त्याच्याच बाकावर बसते, गुरुजी काय बोलले ते हातानं सांगते.

निशिगंधा : तेच म्हणते मी. भूमिका पंधरा वर्षांची झाली. आठवीत काय करतेय?

सगुणा : हुशार हाय हो ती. तो धाकटा, म्हणून हिला दोन वर्षं घरी थांबवली नि दोघांना एकदम पहिलीत घातलं. सासूबाई बोलल्या, एकीचे कान दोघांना पुरतील.

निशिगंधा : पोरीला कुणी विचारलं?

सगुणा : भावासाठी बहिणीला काय विचारायचं?

भूमिका : आये, मी बोलू?

सगुणा : तू गप गो. मोठी माणसं बोलतायत.

निशिगंधा : बोलू द्या हो. दिवसभर दुसऱ्यांचंच बोलते ती.

भूमिका : मॅडम, मी दमले. गुरुजी फळ्यावर गणित करतात, मी ऋत्विककडं तोंड करून हात हलवते. त्याला कळेपर्यंत गुरुजी पुढं गेलेले. त्याला पण अर्धं, मला पण अर्धं. परीक्षेत तो माझं बघून लिहितो. माझं चुकलं की त्याचंही चुकतं.

सगुणा : अगो बाय! कधी बोलली नायस ते?

भूमिका : कधी बोलू? घरी आले की तू म्हणतेस, त्याला विचार जेवणार का. आजी म्हणते, त्याला सांग गुरं आण. बाबा डोलवीच्या कारखान्यातून शिफ्ट करून आले की, त्याला सांग पाय चेप. तुम्ही कुणी त्याच्याशी बोलतच नाय.

सगुणा : मला कुठं तुझ्यासारखं करता येतंय? शेतावरून आले की हात उचलत नायत माझे.

निशिगंधा : पेणला सगळे हातानंच बोलतात, ताई. शिक्षकसुद्धा. पोट दुखलं तर तोच सांगेल.

सगुणा : आणि रडला म्हंजे? भूमीशिवाय एक दिस राहिला नाय तो.

भूमिका : नाय रडणार.

सगुणा : तुला काय ठावं?

भूमिका : मॅडम आम्हाला शाळा दाखवायला घेऊन गेल्या ना, तिथं एका पोरानं त्याला खेळायला नेलं. मी आपली मागं मागं, सांगायला. तर ऋत्विकच मला हातानं म्हणाला, तू तिकडं बस.

निशिगंधा : हो, पाहिलं मी. काय हसत होता!

भूमिका : येताना नागोठण्यापर्यंत त्याचे हात थांबेनात. नवीन नवीन खुणा. मला निम्म्या कळल्या नायत. शेवटी म्हणाला, मला इथंच यायचंय. तू नको येऊस.

सगुणा : मग घरी का नाय सांगितलंस?



भूमिका : त्याचं सगळं सांगते मी. एवढंच नाय सांगितलं.

सगुणा : दमले म्हणतेस, नि त्याला सोडवत पण नाय तुला! काय करू गो तुझं?

निशिगंधा : ओरडू नका तिला. मलाही वाटलं, घरी कळलं असेल.

सगुणा : दिवाळी झाली की मीच आणते त्याला. हिच्याशिवाय.

निशिगंधा : या. आणि दोन दिवस राहा. आयांना पण शिकवतो आम्ही.

सगुणा : ह्या वयात जमंल मला?

निशिगंधा : जेवलास का, दुखतंय का, एवढं तरी जमेल. भूमिका, रडू नकोस बाळा. आता वर्गात कुणाला काही सांगायचं नाही. नुसतं बसायचं, ऐकायचं.

भूमिका : मग मॅडम, मी हात कुठं ठेवू?