उदांच्या पाटीवरचा बाण

— नाही, तिकडे नको. बाणाकडे बघू नका, माझ्याकडे बघा. बसा जरा. दुर्बीण आणलीत म्हणजे उदांसाठीच आलात, हो ना? पाणमांजरं म्हणा हवं तर. सगळे त्यांच्यासाठीच येतात. दिसतील, ऊन जरा कलू दे. तोवर तो खंड्या बघा, समोर, वाळक्या फांदीवर. त्या दिवशी मी खंड्याच रंगवत होते — ह्या सगळ्या पाट्या माझ्याच हो, नदीच्या काठाने बारा आहेत — चोचीवर शेवटचा हात फिरवत होते, गॅसवर दूध ठेवलेलं, आणि दारात मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, रोज ह्या वाटेने फिरणारे. गुडघ्यापर्यंत चिखल. म्हटलं, मास्तर, पडलात की काय? ते म्हणाले, मी नाही. मागे दूध उतू जात होतं. दोघांनाही दिसत होतं ते, पण कोणी हललं नाही.

धाकटा भाऊ माझा. ह्या वाटेची देखरेख त्याच्याकडे — खांब रोवायचे, झुडपं छाटायची, आणि रोज सकाळी काठीने काठ ठोकत जायचं. मडकं घेताना आपण ठोकून बघतो ना, तसं. म्हणायचा, ताई, जिथे बघण्यासारखं जास्त, तिथे पाय ठेवायला जागा कमी. खरंच आहे ते. खंड्या काठात बीळ कोरतो, वेडा राघू कोरतो, खेकडे कोरतात, आणि सगळ्यांच्या खाली उदांचं घर. वर हिरवंगार गवत, आत सगळं पोकळ. म्हणून तर मचाण डावीकडे बांधलं, खडकावर. तिथून छान दिसतात हो — पिल्लं एकमेकांची शेपूट ओढतात, आई शीळ घालून हाका मारते — ऐकलंत? नाही, तो ऊद नव्हता. माती पडली पाण्यात. हल्ली पडते.

आणि बाण उजवीकडे. हो, दिसतंय मला. त्याने खांब रोवला, पाटी ठोकली, चार पावलं मागे गेला आणि हसतच सुटला — ताई, लोकांना थेट उदांच्या स्वयंपाकघरात पाठवतेस की काय? मी म्हटलं, बाण बरोबर आहे, खांबच तू वाटेच्या भलत्या बाजूला रोवलास. तो म्हणाला, तू बाण खोड. मी म्हटलं, तू खांब उपट. लहानपणापासून आमचं हे असंच, आधी कोण नमतं ते बघायचं. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मास्तर बाणाच्या दिशेने निघाले — शिस्तीचा माणूस, लिहिलेलं पाळणारा — आणि हा मागून ओरडत धावला. मास्तरांना दंडाला धरून मागे ढकललं. मास्तर आले मागे.

कोणी विचारलं की मी सांगते, खांब चुकला. तुम्हालाही तेच सांगणार होते. रोवणाऱ्याची चूक, आता त्याला कोण विचारायला जाणार? मास्तरसुद्धा मान डोलावतात, बिचारे. आणि त्याने तर चिठ्ठीत स्वच्छ लिहून दिलं होतं, 'बाण डावीकडे', खाली दोन रेघा ओढून — मी नीट वाचत नाही हे ठाऊक होतं ना त्याला — अजून रंगाच्या डब्याखाली आहे ती, डब्याचं गोल वर्तुळ उमटलंय तिच्यावर —

काय सांगत होते मी? खंड्या उडाला बघा.

उठा आता, ऊन कललं. डावीकडे जा, डावीकडे, गवतावर पाय टाकू नका. मी असते इथे रोज, येणाऱ्याला सांगते. परवा ताप होता, तेवढा एक दिवस नव्हते. नाही, अजून कोणी कोणाला शोधत आलेलं नाही. ब्रश पिशवीत आहे, हिरवा रंगही आहे, दोन मिनिटांचं काम. तुम्ही निघा. बाण मी अजून खोडलेला नाही.