सर्वात जास्त गोल वसंताचे

आमच्या अमरावतीच्या हॉकी संघात वसंताइतके गोल कोणीच मारत नव्हतं. हे आम्हाला दिवसातून चारदा तोच सांगायचा. नवा महाराष्ट्र होऊन वर्षभर झालं असेल. अकोल्याला फायनल होती आणि गाठ अकोल्याच्याच संघाशी होती. ते एका गोलने पुढे होते.

शेवटच्या मिनिटाला मी मारलेला चेंडू त्यांच्या गोलकीपरला चकवून सरळ आत निघाला होता. तेवढ्यात वसंताने मधेच स्टिक घातली. चेंडू खांबाला घासून बाहेर गेला आणि शिट्टी वाजली. आम्ही हरलो.

मी धावत गेलो. "काहून मधात आला बे? जात तं होता आत!"

"माह्यी स्टिक लागून गेला असता, तं माह्ये दहा झाले असते," तो म्हणाला. चेहऱ्यावर हळहळ होती, पण ती दहाव्या गोलाची.

बक्षीस समारंभात पाहुण्या वकीलसाहेबांनी सर्वात जास्त गोल कोणाचे ते विचारलं आणि उत्कृष्ट खेळाडूचा कप वसंताच्या हातात ठेवला. आम्ही बाकीचे दहा जण माना खाली घालून बसलो. अकोल्याचा कॅप्टन मात्र उभा राहून टाळ्या पिटत होता.

मला राहवलं नाही. "तुमाले कायची एवढी खुशी होऊन राहिली?"

"होईन नाही तं काय, भाऊ!" तो म्हणाला. "आज आमच्याकडून याच्याएवढं चांगलं कोणीच खेळलं नाही!"