झोपेतले बूट

"घरातलं घरातच ठेवायचं हं, पोरी." चाळीस वर्षं झाली, तरी आईचा तो दबका आवाज बालवाडीतल्या मावशींच्या कानातून गेला नव्हता. दुपारची झोप संपवून मुलं अंगणात पळाली होती. मावशी त्यांच्या इवल्या चादरींच्या घड्या घालत होत्या, आणि शेजारीच वर्गाच्या बाई एका चिमुरडीच्या आईशी बोलत होत्या.

"तक्रार नाही हो. झोपताना ती बूट काढू देत नाही, म्हणून बोलावलं."

"हट्टी आहे कार्टी. बापावर गेलीय."

"पायाला फोड आलेत तिच्या."

"नवे आहेत ना, मिरवते."

"ताई, टाचा झिजल्यात त्यांच्या."

"मुलांचं काय, आज घेतले की उद्या जुने."

"घरी काही त्रास असेल तर सांगा. आपण मिळून वाट काढू. तुम्ही एकट्या नाही."

"कसला त्रास? छान चाललंय की सगळं."

मावशींच्या हातातली घडी विसकटली.

"मीही चपला घालूनच झोपायचे गं, पोरी. आमची आई निजवतानाच पायात अडकवायची."

चिमुरडीच्या आईने त्या चादरीचं दुसरं टोक हातात घेतलं.

"मीच सांगितलंय तिला," ती म्हणाली. "त्यांचा हात उठला की बूट शोधायला वेळ नसतो."