भिंतीकडचा साग

—दोन हजार सोळा, मिस्त्री. सतरा नव्हे. दोन हजार सोळाचा उन्हाळा, पानगळ संपलेली आणि पाऊस अजून लांब. तुम्ही विसरलात तरी चालेल, रान माझं जळत होतं. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो — इकडे बाकावर. चहा ठेवलाय. साखर आहे की नाही ते बघावं लागेल, मी घेत नाही, आणि दुसरं येतं कोण इथे? काम मागून सांगा. इतक्या वर्षांनी आलात, आल्या आल्या काम काढता होय?

तुम्हाला सगळं माहीत नाही. तुम्ही भिंतीपलीकडे होतात, बिल्डरकडे. या रानाच्या कडेने मी दर साल उन्हाळ्याआधी एक पट्टा साफ करायचो — पाला ओढायचा, गवत खरडायचं, माती उघडी पाडायची. जाळरेषा म्हणतात तिला. बाहेरून आग आली तर उघड्या मातीवर येऊन मरते. वडील करायचे, मग मी. ट्रक जाईल एवढी रुंद, अंगणासारखी झाडलेली. आणि झालं काय? बिल्डरचा मोजणीवाला आला, त्याने तो स्वच्छ पट्टा पाहिला आणि नकाशावर रस्ता आखून टाकला. मी दंताळं घेऊन उभा, आणि तो मला विचारतो, काका, हा रस्ता मागे कुठे निघतो? मी म्हटलं, कुठेच निघत नाही. तो हसला. पुढे कळलं, त्या रस्त्याच्या जोरावर मागे आणखी इमारती मंजूर होतायत. रानाच्या पोटातून गाड्या. जागा कुणाची? माझी. साफ कुणी केली? मीच. पोरगा फोनवर म्हणाला, बाबा, तुम्ही तर त्यांना आयतंच करून दिलंत. त्याला विकायचंच होतं. अजूनही आहे.

मग त्या साली मी पट्ट्याला हातच लावला नाही. वाढू दे म्हटलं. गवत कमरेला लागलं, पाला घोट्याच्या वर. म्हटलं, आता दाखवा रस्ता. मला दोन शब्द सुनावायला घरात कुणी नव्हतं. ही असती तर बोलली असती — नाही, तेव्हा नव्हती. आदल्या हिवाळ्यात गेली. तुम्हाला कळलं नसेल. मी कुणाला कळवलं नव्हतं. चहा घ्या, निवतोय.

आणि नेमका बांधकामावर कुणीतरी कचरा पेटवला. भर दुपार, वारा इकडचा. पट्ट्यावर आग थांबायची, ती पट्ट्यावरूनच आत धावली. मी एकटा, ओलं पोतं घेऊन. पाण्याची टाकी तुमच्या बाजूला, आणि मधे तुमची भिंत — नवी, त्याच आठवड्यात तुम्ही बांधलेली. मला घणाचे आवाज आले. वाटलं, झाड कोसळतंय. तर विटा इकडे पडतायत, आणि त्या भगदाडात तुमचं तोंड. 'धरा,' म्हणालात आणि पाइप पुढे केलात. तेवढंच बोललात. दिवस मावळेपर्यंत आपण दोघं पाणी मारत होतो. स्वतः बांधलेली भिंत स्वतः फोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एक कोपरा गेला, बाकी रान वाचलं. मग पाहणीला सरकारी साहेब आले. राख बघून त्यांना कळलं, तो पट्टा कशाला असतो ते. रस्ता खोडला, मागच्या इमारती रद्द. आणि तुम्हाला भिंत फोडली म्हणून कामावरून काढलं. हे मला फार उशिरा कळलं.

तेव्हा मी निरोप धाडला — या, काय हवं ते मागा. दूधवाल्याबरोबर धाडला, रंगाऱ्याबरोबर धाडला. तुम्ही आला नाहीत. राग नव्हता मला. उलट — कसं सांगू — तुमचं येणं बाकी होतं. पोराचं येणं त्याच्या मर्जीवर, तो काही येत नाही. तुमचं तसं नव्हतं, तुमचं माझ्याकडे घेणं होतं. फाटक वाजलं की वाटायचं, मिस्त्री असतील. बहुतेक वेळा वाराच. मागची खोली मी झाडून ठेवतो. खाट आहे, गादी उन्हात टाकतो अधूनमधून. तुमचे गुडघे गेल्याचं ऐकलं होतं. म्हटलं, माणूस एकटा असेल, तर इथे — पट्टा साफ करायला दोन हात बरे — असो. तुम्ही एकटे नाही. लेक आहे म्हणता. चांगलं आहे.

बोला आता, काम काय ते.

चौकटी. लेकीच्या नव्या घराला. बरं. साग हवा. — कुठला? तो? भिंतीकडचा?

मिस्त्री, या रानातलं हिरवं झाड मी कुणाला तोडू दिलेलं नाही. पोराच्या लग्नात पलंगाला दिलं नाही, ते त्याने अजून धरून ठेवलंय. शिवाय पलीकडच्यांना निमित्तच हवंय. एक बुंधा दिसला की म्हणतील, म्हातारा स्वतःच तोडतोय, मग कसलं रान राखतो. आणि तो साग माझ्या आणि पलीकडच्या इमारतीच्या मधे उभा आहे. तो गेला की तिसऱ्या मजल्यावरून माझं ताट दिसेल. तिथे एक बाई आहेत, चादरी वाळत घालतात. मागे पानगळीत त्यांनी इकडे बघून हात केला. मी नाही केला. ओळख ना पाळख. नंतर पानं आली, मग दिसल्याच नाहीत.

पडलेलं खोड नेता का? मोठं आहे. — हो, आतून पोकळ आहे, खरं आहे. चौकटीला नाही चालणार.

मागा असं मीच म्हटलं होतं. काय हवं ते, म्हटलं होतं. भिंतीकडचा सोडून, असं काही म्हटलं नव्हतं.

घ्या तो. तोडायचा परवाना मी काढतो, सुतार तुम्ही आणा. पाडाल तेव्हा भिंतीला समांतर पाडा, आतल्या रोपांवर नको. मला हाक मारू नका त्या वेळी, मी आत असेन.

पैसे खिशात ठेवा. ठेवा म्हणतो ना.

खोली बघून जाता? — नको, बरोबर आहे, लेक वाट बघत असेल.

फिटलं, मिस्त्री. तुमचं माझ्याकडे आता काही नाही.