थोरल्या भावाच्या डोईवरून नेलेलं ताट

माझा जन्म कशेळ्याच्या वरल्या अंगाला, डोंगरातल्या ठाकरवाडीत. शाळा दोन यत्ता, पन बायबल बोट ठेवून वाचतो आनि एक अक्षर गाळत नाय, हे आधी लिवून घ्या. दहिवलीवरून पाळकसाहेब यायचे, त्यांच्या हातून मी आनि माझा थोरला भाऊ महादू, दोघांनी एकाच दिवशी ओढ्यात बाप्तिस्मा घेतला. पुढं साहेब थकले तसं म्हनले, वरच्या वाड्यांना प्रभुभोजन, येशूच्या आठवनीची भाकर नि रस, आता तूच नेत जा. मंग काय सांगू तुमाला, दर म्हयन्याच्या पयल्या ऐतवारी कशेळ्याला जीपमधून उतरायचं, पाव घ्यायचा, द्राक्षाच्या रसाची बाटली पिशवीत, आनि दोन तास चढन.

नियम एकच. ज्याचं कुनाशी वाकडं हाय त्यानं आधी समेट करायचा, मंगच भाकर हातात घ्यायची. लोक म्हनायचे, साहेबापरीस हा कडक. म्हनू दे.

महादूची म्हस आजारली तवा त्यानं बाप्तिस्मा इसरून वाघोबाला कोंबडं दिलं. त्या ऐतवारी समदे त्याच्याच ओसरीवर बसलेले, भाकरीचं ताट हातोहात चाललेलं, त्याच्यापाशी आलं तसं मी उठलो आनि त्याच्या डोईवरून नेऊन पुढल्याला दिलं. त्याच्याच घरात. तो उठून म्हशीला पानी दावायला गेला. वहिनी म्हनली, भावजी, त्याच म्हशीचं दूध मगाशी चहात प्यालात की तुमी. लोक हसले. मी आनखी ताठलो.

चार वर्सं आमी बोललो नाय. यंदा पावसात निरोप आला, महादूनं अंथरून धरलंय, प्रभुभोजन मागतोय. गेलो. पाव मोडला, तर म्हनतो, थांब रं, आपलं वाकडं हाय, आधी समेट. म्हनलो, मंग बोल. म्हनला, मी काय बोलू, ताट तू उचललंस. म्हनलो, कोंबडं तू दिलंस. तो म्हनला, ते मी प्रभूला सांगून मोकळा झालो, तुझं तू बोल. चुकलं दादा, येवढंच मला बोलायचं व्हतं. तोंडाशी आलं नि मी दात आवळले. म्हनलो, फुडल्या ऐतवारी येतो, तवर इचार कर. पाव फडक्यात बांधला नि उतरलो. गुरवारी तो गेला.

आता वाड्या रिकाम्या, मानसं वीटभट्टीला. वर तीन बाया उरल्यात, त्यात वहिनी. पाय सुजतात तरी मी जातो. त्यांना भाकर देतो, रस देतो, मी घेत नाय. कसा घेऊ, ज्याच्याशी वाकडं तो मातीत. वहिनी म्हनते, भावजी, त्यांच्या वतीनं मी माफ केलं, घ्या आता. मी म्हनतो, तुमची माफी त्याची नव्हं. पाळकसाहेबांना इचारावं तर तेबी नाय उरले. वहिनी मंग पेले उचलून ओढ्यावर धुवायला जाती.

प्रभू तुमाला, तुमच्या लेकराबाळांना सुखात ठेवो. रोज मागतो मी समद्यांसाठी. माझ्यासाठी मागत नाय.